टोप कुठला आणि टोप कुणाचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मोरगावला माणसं येतात ती मोरेश्वराच्या दर्शनाला. अष्टविनायकांतला हा पहिला गणपती, त्यामुळे यात्रेच्या गाड्या पहाटेपासून लागतात. माझं वेल्डिंगचं दुकान देवळापासून जरा लांब, बारामतीच्या रस्त्याला आहे. नांगराचे फाळ, ट्रॉलीचे हूक, खिडक्यांची ग्रीलं ही तिथली रोजची कामं. पण दुकानाच्या मागच्या खोलीत फळ्यांवर चौतीस लोखंडी टोप मांडलेले आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलायला मला आज इथं बोलावलं आहे. सगळे ब्रिटिशांच्या फौजेतले, महायुद्धांच्या काळातले. निदान आणून देणाऱ्यांनी तरी तसं सांगितलं होतं.

हा टोप तुम्ही पाहिलेला आहे. उथळ, पसरट, कडा बाहेर आलेल्या. उलटा ठेवला तर छोटी परातच. जुन्या इंग्रजी युद्धपटांत गोऱ्या सोजिराच्या डोक्यावर तो असतो, आणि १९६५ च्या किंवा १९७१ च्या लढाईचे फोटो नीट बघितले तर आपल्या जवानांच्या डोक्यावरही तोच असतो, वर जाळी चढवलेली. आपल्या मराठीत 'टोप' म्हणजे डोक्यावरचा आणि 'टोप' म्हणजे भाताचाही. आमच्या भागात या लोखंडी टोपानं दुसरा अर्थ पुरता खरा करून दाखवला आहे. शेळीला पेंड भिजवायला, बांधकामावर सिमेंट उचलायला, कुत्र्याला भाकरी घालायला, गुऱ्हाळावर चुन्याचं पाणी ठेवायला, अशा सगळ्या कामांवर मी तो पाहिला आहे.

माझा त्याच्याशी संबंध आला तो एका शेतकऱ्यामुळे. त्याला टोपाच्या कडेला तीन भोकं पाडून हवी होती, साखळीनं टांगून त्यात शोभेचं झाड लावायचं होतं. पत्रा असेल एखाद्या मिलिमीटरचा. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. ड्रिल लावलं तर बिट नुसतं घसरायला लागलं. जोर दिला तसा पत्रा आणखीच कडक होत गेला आणि बिटाचं टोक जळून निळं पडलं. दुसरं बिट लावलं, तेही गेलं.

असलं पोलाद मी आधी एकाच ठिकाणी पाहिलं होतं, खडी मशीनच्या जबड्यात. दगड चिरडणारे ते जाड जबडे मॅंगनीज पोलादाचे असतात. त्यांचा स्वभाव असा, की जितका मार बसेल तितका वरचा थर कठीण होत जातो. रेल्वेचे रूळ जिथं एकमेकांना छेदतात, तिथंही हेच पोलाद वापरतात. शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी ते १८८२ मध्ये शोधून काढलं. त्यात बारा टक्क्यांच्या आसपास मॅंगनीज असतं. आणि त्याचा दुसरा गुण असा, की त्याला लोहचुंबक धरत नाही.

या दुसऱ्या गुणानं आमच्या भंगारवाल्यांना फार छळलं आहे. त्यांचा हिशेब साधा असतो. दोरीला बांधलेला चुंबक चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर स्टील, म्हणजे आपल्या भांड्यांचं स्टील, आणि त्याला भाव जास्त. हा टोप चुंबकाला चिकटत नाही, पण गंजतो मात्र लोखंडासारखा. "मिस्त्री, चुंबक धरत नाही आणि गंजबी चढलाय, ह्यो कसला माल?" असं विचारत एक भंगारवाला माझ्याकडे आला होता. माझ्या संग्रहातले निम्मे टोप या एका गोंधळामुळे वाचले. भाव कुठला लावायचा ते ठरेना, म्हणून ते गाळ्यात मागं पडून राहिले.

आता या टोपाचं थोडं कुळ सांगतो. पहिलं महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झालं तेव्हा ब्रिटिश सैनिकाच्या डोक्यावर कापडी टोपी होती. लढाई खंदकात शिरली आणि माणसं मरू लागली ती वरून फुटणाऱ्या तोफगोळ्यांनी. गोळा हवेत फुटायचा आणि शिशाच्या गोळ्या पावसासारख्या खाली यायच्या. खंदकानं छाती वाचायची, डोकं नाही. फ्रेंचांनी १९१५ मध्ये आपला टोप काढला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनच्या जॉन ब्रॉडी यांनी आपल्या टोपाचं पेटंट घेतलं. तो पसरट का, याचं उत्तर या पावसात आहे. छत्री जशी खांद्यांवर पुढं येते, तशा त्याच्या कडा पुढं येतात. दुसरं कारण कारखान्याचं. एका सपाट पत्र्यावर साचा एकदा दाबला की टोप तयार. जोड नाही, शिवण नाही. आम्हा वेल्डिंगवाल्यांना हे फार पटतं, कारण जोड म्हटला की तिथं कच्चेपणा आला.

सुरुवातीचे काही साध्या पोलादाचे होते. मग हॅडफिल्ड यांच्या सूचनेनं मॅंगनीज पोलाद आलं आणि टोप कितीतरी मजबूत झाला. समोरून येणारी रायफलची गोळी तो अडवू शकत नाही, त्यासाठी तो केलेलाच नव्हता. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या सेंट एलोई इथल्या लढाईत तो पहिल्यांदा मोठ्या संख्येनं वापरला गेला, आणि त्या उन्हाळ्यात दहा लाखांचा आकडा गाठला गेला.

या तारखा मी मुद्दाम सांगतो आहे. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत एक समजूत आहे, की आजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले होते आणि हा टोप तिथला. आजोबा गेले होते, यात शंका नाही. पुणे, सातारा, नगर, कोकण इथून माणसं गेली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला तर 'मिलिटरी अपशिंगे' हेच नाव पडलं. अनेक गावांत आजही भिंतीत बसवलेला एक दगड दिसतो, 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले' अशा अर्थाचा. पण फ्रान्समधलं हिंदी पायदळ १९१५ संपता संपता तिथून हलवलं गेलं, बरंचसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. टोपांचा सार्वत्रिक पुरवठा त्यानंतरचा. मागं राहिलं ते घोडदळ, पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स वगैरे. डेक्कन हॉर्सचे स्वार १९१६ च्या जुलैत सोमच्या लढाईत भाले घेऊन गेले, त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. त्यांच्या डोक्याला फेटे आहेत. तेव्हा पायदळातल्या आजोबांचा फ्रान्समधला लोखंडी टोप, ही गोष्ट तारखांत बसत नाही.

मग टोप ओळखायचा कसा? माझी पद्धत अशी. आधी चुंबक. मग टोप उलटा करून बॅटरीच्या उजेडात कडेची आतली बाजू बघायची. तिथं कारखान्यानं ठोकलेली बारीक अक्षरं असतात. रंगाखाली बुजलेली असली तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून राजाचं तोंड काढायचो, तसंच. पहिल्या महायुद्धातल्या टोपावर पोलाद बनवणाऱ्याची अक्षरं आणि भट्टीच्या घाण्याचा क्रमांक मिळतो. 'एचएस' म्हणजे हॅडफिल्ड, 'एफएस' म्हणजे फर्थ. वर्ष मात्र नसतं. दुसऱ्या महायुद्धातल्यावर कारखान्याच्या खुणेबरोबर बहुधा वर्षही असतं. 'बीएमबी' ही अक्षरं मिळाली, तर तो ब्रिग्ज मोटर बॉडीजचा. ही कंपनी एरवी फोर्डच्या मोटारींचे सांगाडे बनवायची. 'आरओ' आणि पुढं 'सीओ' असेल तर रुबेरी ओवेन.

नंतर आतलं अस्तर. १९३८ च्या सुमारास टोपाची दुसरी आवृत्ती आली, तिला मार्क टू म्हणतात. हिचं अस्तर टाळूला एकाच स्क्रूनं बसवलेलं असतं, आणि हनुवटीच्या पट्ट्यात कापडी नळीच्या आत बारीक स्प्रिंगा असतात. अस्तरावर माप आणि वर्ष छापलेलं असतं, उंदरांनी शिल्लक ठेवलं असेल तर. पण अस्तराचं वर्ष बघून टोपाचं वय सांगू नये. दुसरं युद्ध दिसू लागलं तेव्हा ब्रिटिशांनी पहिल्या युद्धातले गुदामात पडलेले टोप काढले, त्यांत नवी अस्तरं बसवली आणि पुन्हा वाटले. म्हणजे टोप १९१७ चा आणि अस्तर १९३९ चं. असा एक माझ्याकडे आहे. टोप आजोबाचा, अस्तर नातवाचं. १९४४ मध्ये कासवाच्या पाठीसारखा तिसरा प्रकार निघाला, तो नॉर्मंडीच्या लढाईत दिसतो. आमच्या बाजूला मला तो अजून भेटलेला नाही.

आता बाणाविषयी. टोपावर किंवा अस्तरावर कावळ्याच्या पायासारखी तीन रेघांची एक खूण सापडते. ती सरकारी मालकीची खूण. ती दिसली की विकणारा लगेच 'ब्रिटिश, ब्रिटिश' म्हणून भाव वाढवतो. तो बाण ब्रिटिशांचा खरा, पण ते गेले आणि बाण इथंच राहिला. लष्कराची गाडी समोरून आली की नंबरप्लेट बघा, आकड्यांच्या आधी वर तोंड केलेला बाण असतो. तोच हा. शिवाय साम्राज्यातल्या प्रत्येक देशानं त्यात आपली भर घातली होती. कॅनडाचा बाण इंग्रजी 'सी' अक्षराच्या आत, दक्षिण आफ्रिकेचा 'यू'च्या आत. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही असे टोप बनत होते, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्करानं हा नमुना बरीच वर्षं वापरला. तेव्हा नुसता बाण पाहून काहीच ठरत नाही.

माझ्या चौतिसांचा हिशेब या कसोट्यांनी लावला तो असा : चार पहिल्या महायुद्धातले, एकवीस दुसऱ्यातले, सात स्वातंत्र्यानंतरचे आणि दोन सिनेमाच्या शूटिंगसाठी बनवलेले पत्र्याचे. ते दोन मी मुद्दाम ठेवले आहेत. शाळेची मुलं आली की आधी तेच हातात देतो आणि मग खरा देतो. वजनातला फरक मान लगेच सांगते. खरा जवळजवळ किलोभराचा.

आता तुम्ही विचाराल, इतके टोप आमच्या या कोरड्या मुलखात आले कुठून? रिटायर झालेल्या जवानांनी आणले, असं सगळे सांगतात. पण शिपाई नोकरी सोडताना सरकारी सामान परत करतो. सगळेच करत होते असं नाही, आणि आठवण म्हणून एखादी वस्तू ट्रंकेच्या तळाशी येतेच. तरी बहुतेक टोप आले ते डिस्पोजलमधून. १९४५ मध्ये युद्ध संपलं. पंचवीस लाखांच्या फौजेसाठी जमवलेलं सामान एकदम नकोसं झालं. पुणे, खडकी, देहूरोड, नगर, देवळाली हा सगळा छावण्यांचा पट्टा. घोंगड्या, मग, जेरीकॅन, तंबू, लॉऱ्या सगळं लिलावात निघालं. जुन्या माणसांच्या तोंडी 'डिस्पोजलचा माल' हा शब्द अजून आहे. व्यापाऱ्यांनी ढिगानं घेतलं आणि आठवडे बाजारात किरकोळीनं विकलं. त्यात टोपही होते. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मी वर्षानुवर्षं चकरा मारल्या. तिथं मिळालेल्या टोपांची वंशावळ अशीच लिलावाची आहे. कुणाच्या डोक्यावर चढले असतील, नसतील. कुणाच्या नावाशी ते जोडायचे नाहीत, असं मी ठरवून टाकलं आहे.

घरातून आलेल्या टोपाची गोष्ट वेगळी. तिथं नाव आधी येतं आणि टोप मागून. आणि अवघडही तिथंच होतं.

सुप्याच्या बाजूच्या एका गावातून २०११ मध्ये मला बोलावणं आलं. घर मोठं, चार भावांचं. थोरले साठी ओलांडलेले, शाळेच्या समितीवर असलेले. पंधरा ऑगस्टला शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि त्यात आजोबांचा टोप ठेवायचा होता. पाटी रंगवून तयार होती, 'फ्रान्सच्या रणांगणावरून', खाली आजोबांचं नाव. मला बोलावलं होतं ते गंज काढायला. टोप कुठला ते सांगायला नव्हे.

मी सवयीनं खिशातला चुंबक लावला. टपकन चिकटला. म्हणजे साधं पोलाद. कडेला भोकं पाडलेली होती. पाडणाऱ्याचं ड्रिल घसरलेलं नव्हतं, कारखान्यात पाडल्यासारखी स्वच्छ भोकं होती. टाळूला स्क्रू होता, म्हणजे दुसऱ्या युद्धाच्या काळातला. पुढच्या बाजूला राखाडी रंगावर पांढऱ्या रंगाचं एक अक्षर होतं, अर्धं उडालेलं. असे साध्या पोलादाचे, भोकं पाडलेले टोप आघाडीवर पाठवत नसत. लढाईच्या कसोटीला जे उतरत नसत ते नागरी संरक्षणाला देत, आणि ते पुन्हा चुकून फौजेत जाऊ नयेत म्हणून कडेला भोकं पाडत.

मी हे सांगितलं. थोरले गप्प झाले. मग म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काम जोडायचं आहे. तोडायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मला काय बोलावं सुचेना. आजोबांचा फौजेचा कागद त्यांनी मला आधीच दाखवला होता. तो अस्सल होता. आजोबा खरोखरच फ्रान्सला गेले होते, तिथून मेसोपोटेमियात. फक्त हा टोप त्यांचा नव्हता. एवढ्यात आतून आत्या बाहेर आल्या. ऐंशीच्या घरातल्या असतील. म्हणाल्या, "अरे, हा दादांचा कुठला? हा धाकट्या काकांचा. मुंबईत रातीचे दिवे विझवायला लावायचे ना लोकास्नी."

मग हळूहळू उलगडत गेलं. धाकटे काका लालबागेत गिरणीत होते. १९४२ च्या सुमारास जपानी विमानं येतील म्हणून मुंबईत अंधार पाळायचा हुकूम होता. घरोघर फिरून खिडक्यांना काळा कागद लावायला सांगणारे, भोंगा झाला की माणसं आडोशाला नेणारे, ते एआरपीवाले. काका त्यांत होते. "आन् गोदीत आग लागली तवा तीन दिस खोलीवर आले नव्हते," आत्या म्हणाल्या. "मग गावाकडं आले त्ये ह्यो टोप घेऊनच. केस जळलेले होते पुढनं."

गोदीची आग म्हणजे १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाची बोट उभी होती. तिच्या पोटात कापसाच्या गाठी, आणि त्याच बोटीत शेकडो टन दारूगोळा, सोन्याच्या विटासुद्धा. कापूस आणि दारूगोळा एका बोटीत घालणाऱ्यांच्या अकलेबद्दल मी काही बोलत नाही. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. गोदीतलं घड्याळ पहिल्या स्फोटाच्या वेळेवर थांबलं. अग्निशमन दलाची सहासष्ट माणसं गेली. आजही देशभर अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो तो त्यांच्यासाठी. गोदीबाहेरच्या वस्त्या जळत होत्या, आणि मदतीला धावणाऱ्यांत हे एआरपीवाले होते.

काकांचा फोटो घरात नव्हता. लग्न केलेलं नव्हतं, १९५० च्या आतच गेले. नाव घेणारी आत्या एकटी उरली होती. आजोबांचा फौजेचा कागद आणि काकांचा टोप एकाच ट्रंकेत राहिले, आणि दोन पिढ्यांत दोघांचा मिळून एक माणूस झाला.

ती पाटी त्या वर्षी लागली नाही. टोपही प्रदर्शनात ठेवला नाही. थोरले माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, ट्रॉलीचं काम दुसरीकडे नेलं. नंतर एकदा त्यांच्या धाकट्या भावाचा निरोप आला, टोप घेऊन जा म्हणून. मी घेतला नाही. म्हटलं, आत्या आहेत तोवर घरातच राहू द्या, आणि त्या काय सांगतात ते तारीख घालून कागदावर लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतलं, दोन पानं भरली. त्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, टोप त्यांच्याकडे.

याच्या उलटही होतं. इंदापूरच्या बाजूला एका बाईंनी टोप दाखवला. म्हणाल्या, "मामंजींचा. आफ्रिकेत होते लढाईला." मला वाटलं, पुन्हा तसंच काहीतरी. चुंबक लावला, धरला नाही. कडेच्या मागच्या बाजूला ओळीत तीन भोकं. नागरी टोपालाही भोकं असतात म्हणून इथं गल्लत होते. पण अशी मागच्या कडेला तीन, ही दक्षिण आफ्रिकेत बनलेल्या टोपाची खूण. उन्हासाठी मानेवर कापड लावायची ती सोय. आत रंगाखाली 'यू' आणि त्यात बाण. सासऱ्यांचं डिस्चार्ज बुक त्यांनी फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. ते फौजेत ड्रायव्हर होते, १९४१ ते १९४३ मिसर आणि लिबियात. तिथं आठव्या सैन्यात आपली माणसं आणि दक्षिण आफ्रिकेची माणसं शेजारी शेजारी होती. २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या डिव्हिजनबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियनही तिथं होती. म्हणजे या टोपाचं तिकडून येणं अगदी जुळतं. सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. डिस्पोजलच्या ढिगातही असा एखादा सापडू शकतो. माझ्या वहीत मी लिहिलं, 'सुनेच्या सांगण्याप्रमाणे सासऱ्यांचा, कागदपत्रांशी विसंगत नाही.' बाईंना ते वाक्य आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "एवढं फिरवून कशाला लिहिता? मामंजींचा म्हटलं ना."

मराठा लाइट इन्फन्ट्रीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. इटलीत १९४४ च्या जुलैत नाईक यशवंत घाडगे आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये शिपाई नामदेव जाधव, या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे रायगडातल्या माणगावकडचे. त्यांना तो मरणोत्तर मिळाला, आणि इटलीत मोंटोने गावात २०२३ मध्ये त्यांचं स्मारक झालं. जाधव नगर जिल्ह्यातले. सेनिओ नदीच्या पाण्यातून आणि सुरुंगांतून त्यांनी दोन जखमी माणसं पाठीवर आणली आणि परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली. या लढायांचे फोटो बघताना मी माणसांच्या चेहऱ्यांआधी टोप बघतो, हा माझा रोग आहे. हिंदी तुकड्यांत शिखांनी टोप घालायला नकार दिला, ते पगडीवरच लढले. गुरख्यांच्या डोक्यावर पुष्कळदा फेल्टची हॅट दिसते. मराठ्यांच्या डोक्यावर हा परातीसारखा टोप.

आता ज्यांच्या घरी असा टोप असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. घासू नका. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, तेजाब यांतलं काही लावू नका. लोक मोठ्या प्रेमानं चकचकीत करून आणतात आणि वर ऑइलपेंट मारतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. टोपावरचा जुना रंग हेच त्याचं सर्व्हिस बुक आहे. उजेडात चमकू नये म्हणून त्या रंगात वाळू मिसळत, म्हणून तो खरखरीत लागतो. हिरव्याखाली पिवळट मातकट रंग निघाला तर तो वाळवंटात वापरलेला असू शकतो. एखाद्या थराखाली तुकडीचं चिन्ह असतं. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड कुणाच्या टोपावर असेल आणि त्यानं तो पॉलिश पेपरनं उडवला असेल, तर तो परत आणायला मोरगावचा मिस्त्री उपयोगाचा नाही. कोरडा मऊ ब्रश फिरवा, आतून हलकं तेलाचं बोट लावा आणि कोरड्या जागी ठेवा, बस. आणि अस्तर फाटकं, कुबट असलं तरी फेकू नका.

विकत घेणाऱ्यांनी रंगवलेल्या चिन्हांपासून सावध राहावं. स्वातंत्र्यानंतरच्या टोपावर ताजं चिन्ह काढून, मिठाचं पाणी मारून गंज चढवून 'बर्मा फ्रंट' म्हणून विकणारे मी पाहिले आहेत. गंज खोटा करता येतो, पण कडेखालची ठोकलेली अक्षरं खोटी करायचा कंटाळा करतात. आणि टोपाच्या नादानं जुना बाजार फिरताना बाँबगोळ्याची टोपणं, फुटलेल्या-न फुटलेल्या गोळ्यांची कवचं हातात घेऊ नका. लष्कराच्या फायरिंग रेंजजवळच्या गावांत भंगार म्हणून गोळे उचलताना माणसं गेली आहेत. टोप कोणाला मारत नाही, गोळा ऐंशी वर्षांनीही मारतो. तशी वस्तू दिसली तर लांबूनच पोलिसांना कळवा.

ज्यांना बघण्यातच आनंद आहे त्यांनी अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय पाहावं. मुलांना रणगाडे आवडतात. मी तिथं पोलादाच्या जाडीकडे आणि जोडांकडे बघत फिरतो. आणि पुण्यात खडकीला युद्धातल्या मृतांची दफनभूमी आहे, तिथं ओळीनं दगड आहेत. मी तिथं एकदाच गेलो.

अलीकडचा एक टोप अजून माझ्या वहीत यायचा आहे. कऱ्हेच्या पलीकडं एका वस्तीवर तो कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरतात. अंगणात अर्धा मातीत रुतलेला. डाव्या बाजूला बाहेरून आत गेलेला एक खोल पोचा आहे, अंगठा बसेल एवढा. पत्रा फाटलेला नाही. हातोड्याचा पोचा असा येत नाही, हे मी चाळीस वर्षांच्या हातानं सांगू शकतो. चुंबक धरत नाही. अक्षरं बघायची तर टोप उपटून उलटा करावा लागेल. घरातल्या बाईंना विचारलं, कुणाचा हो हा? त्या म्हणाल्या, "आम्ही जमीन घेतली तवापास्नं हितंच हाय." विकत मागितला तर म्हणाल्या, "मग कोंबड्या पाणी कशात पित्याल?" मी प्लॅस्टिकचं नवं भांडं घेऊन जाणार होतो. पण त्या म्हणाल्या, दिवाळीला कोंबड्या विकायच्या आहेत, त्यानंतर या.